ब्रिटिश मॉडेल रेल्वे: इंजिनं भरपूर झाली, मागचे डबे कधी? (तुम्हाला कोणतं मॉडेल हवंय?)

वाफाळ
नमस्कार मंडळी. ओओ मापात ब्रिटिश रेल्वे करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून थेट विचारतो. खोक्यातून काढून सरळ रुळावर ठेवता येईल असं कोणतं इंजिन, कोणता डबा, कोणती वॅगन निघावी असं तुम्हाला मनापासून वाटतं?

माझं मत आधी सांगतो. नामांकित एक्स्प्रेस इंजिनं आता पुरेशी झाली. ज्या गाड्यांनी माणसं रोज कामावर गेली आणि घरी आली, त्या गाड्या आता निघाल्या पाहिजेत. उदाहरण म्हणून लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटची 'जॅझ' सेवा घ्या. १९२० साली ग्रेट ईस्टर्न रेल्वेने एनफिल्ड आणि चिंगफोर्डच्या लोकल वाफेवरच इतक्या दाट केल्या की तसा धडाका जगात इतरत्र क्वचितच होता. विजेसाठी पैसा नव्हता. मग सांधे, सिग्नल आणि फलाटांची मांडणी बदलून टाकली. एक इंजिन गाडी घेऊन आत आलं की दुसरं मागच्या टोकाला लागायचं आणि काही मिनिटांत गाडी परत निघायची. लोकांना आपला वर्ग पटकन सापडावा म्हणून डब्यांच्या वरच्या कडेला फर्स्टसाठी पिवळी पट्टी आणि सेकंडसाठी निळी पट्टी मारली होती. त्या पट्ट्यांवरूनच 'जॅझ' हे नाव पडलं. मुंबईच्या लोकलवर फर्स्ट क्लासच्या तिरक्या पट्ट्या बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे ग्रेट ईस्टर्न ज्यात विलीन झाली त्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या (एलएनईआर) मुख्य अभियंत्याने, ग्रेस्लीने, या मार्गासाठी 'क्विंट-आर्ट' संच दिले. पाच डबे आणि बोग्या (म्हणजे डब्याखालचे चाकांचे गाडे) फक्त सहा, कारण शेजारशेजारच्या दोन डब्यांची टोकं एकाच बोगीवर टेकलेली. असे दोन संच जोडले की दहा डब्यांची लोकल. पुढे एन-७ जातीचं ०-६-२ (पुढे शून्य, मध्ये सहा ओढणारी आणि मागे दोन चाकं) टाकीवालं इंजिन. ऑक्सफर्ड रेलने एन-७ काढलं, माझ्याकडे ते आहे आणि फार छान आहे. पण त्याच्यामागे जोडू काय? तेव्हा माझं मत क्विंट-आर्ट संचाला. तुमचं?

सांधेवाला
+१. मी त्यात किंग्ज क्रॉसचा क्वाड-आर्ट जोडतो: चार डबे, पाच बोग्या आणि पुढे एन-२. एन-२ च्या बाजूने जाणारे वाफ परतवायचे ते जाड पाइप (मूरगेटच्या भुयारी रुळांवर वाफ बाहेर सोडायची नाही म्हणून) मॉडेलवर बघत बसावेसे वाटतात. खरा एक क्वाड-आर्ट संच नॉर्थ नॉरफोक रेल्वेवर जपलेला आहे. त्यात बसलोय. एका बाकावर सहा माणसं, समोरच्यांचे गुडघे आपल्या गुडघ्यांना. विरार फास्टची सवय असलेल्या आमच्या बंधूंना मात्र ते प्रशस्त वाटलं!

नवखा_गार्ड
धागा आवडला, पण माझ्यासारख्या नवशिक्यांसाठी कोणीतरी ओओ म्हणजे काय ते सांगा. एचओ ऐकलं होतं. पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात लहानपणी गेलो होतो तेव्हापासून हे वेड आहे, ब्रिटिश मॉडेलं मात्र आत्ता बघतोय.

सांधेवाला
@नवखा_गार्ड, एचओ म्हणजे १:८७, एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. ओओ म्हणजे एका फुटाला चार मिलिमीटर, १:७६. पण रूळ दोघांचेही तेच, १६.५ मिमीचे. ब्रिटनमधली खरी इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगाने बारीक असतात आणि जुन्या काळातल्या मोटारी त्या बारीक अंगात मावेनात. म्हणून अंग मोठं केलं, रूळ होते तेच ठेवले. हिशेबाने ४ फूट साडेआठ इंचाचे रूळ चार मिमीत १८.८३ व्हायला हवेत. त्यामुळे समोरून बघितलं की ओओ इंजिन जरा चिंचोळ्या पायांवर उभं दिसतं. काहीजण पी-४ मापात अचूक १८.८३ चे रूळ हाताने घालतात, त्यांना माझा नमस्कार. बाकी आपण सगळे बाजूने बघतो.

डर्बीकर
वाफाळ, भावना पोचली, पण साच्याचा हिशेब कोण करणार? मी प्लास्टिकच्या साच्यांच्याच धंद्यात आहे. इंजिनाच्या एका पोलादी साच्यातून रंग, नंबर आणि काळ बदलत वर्षानुवर्षं माल निघतो. म्हणून तर क्लास ६६ डिझेलवर कंपन्यांच्या उड्या पडतात. एकच अंग, पण रंगसंगती मोजता येणार नाहीत इतक्या. एकाच गिऱ्हाइकाला तेच इंजिन पाच रंगांत विकता येतं.

तुझ्या क्विंट-आर्टचं काय? पाच डबे, त्यात टोकाचे वेगळे, मधले वेगळे, म्हणजे साचे वेगवेगळे. सुटा डबा विकता येणार नाही, कारण त्याची बोगी शेजाऱ्याची. रंग म्हणशील तर एलएनईआरचा सागवानी तपकिरी आणि नंतर ब्रिटिश रेल्वेचा किरमिजी, एवढेच प्रमुख. आणि दहा डब्यांची गाडी लावायला घरात फलाट किती जणांकडे आहे? फ्लाइंग स्कॉट्समन दरवर्षी खपतं, कारण आजीसुद्धा नातवासाठी ते नाव ओळखून घेते. त्या पैशावरच बाकीचे साचे उभे राहतात. नामांकित इंजिनांवर राग धरू नकोस, घर तीच चालवतात.

वाफाळ
@डर्बीकर, राग स्कॉट्समनवर नाहीच. राग आहे तो एकच गोष्ट दोघांनी करण्यावर. लाइम रेजिसच्या शाखेवर चालणारं ॲडम्स रेडियल घे. ब्रिटिश रेल्वेच्या काळात त्या जातीची तीनच इंजिनं उरली होती, तीही एका छोट्या शाखेवर. त्या तिघांची मॉडेलं ऑक्सफर्ड आणि हॉर्नबी दोघांनी एकाच सुमाराला काढली. मग टेरियर हे छोटं टाकीवालं इंजिन: हॉर्नबीचं आलं, आणि रेल्स ऑफ शेफिल्ड या दुकानाने डॅपोलकडून केलेलंही आलं. दोन्ही चांगलीच आहेत. पण एका टेरियरच्या साच्याचा खर्च डब्यांकडे वळला असता तर?

घरातल्या फलाटाचं म्हणतोस, तर माझ्या घरी पाच डब्यांचा एक संच आरामात मावतो. हे डबे आखूड आहेत, आजच्या डब्यांसारखे लांबलचक नाहीत. शिवाय प्रत्येक एन-७ घेणाऱ्याला ते हवेतच. गिऱ्हाईक आधीच तयार आहे.

अण्णा_खडी
पोरांनो, प्रवासी गाड्यांतच अडकलात. ब्रिटनची रेल्वे जगली मालावर, आणि त्यातही कोळशावर. माझं मत साध्या वॅगनींना.

दुकानात जा. चमकदार रंगाच्या, कोळशाच्या व्यापाऱ्याचं मोठं नाव लिहिलेल्या लाकडी वॅगनी ढिगाने आहेत. पण त्यातल्या कित्येक एकाच सामायिक अंगावर छापलेल्या असतात. खऱ्या वॅगनीला पाच फळ्या होत्या की सात, टोकाचं दार होतं की नव्हतं, याच्याशी छपाईचा संबंध नाही. वॅगनीचं वय आणि खाण तर फळ्यांवरूनच कळते. १९२३ ला रेल्वे क्लिअरिंग हाऊसने (सगळ्या रेल्वे कंपन्यांच्या सामायिक संस्थेने) सात फळ्यांच्या बारा टनी वॅगनीचा नमुना ठरवून दिला. त्याआधीच्या वॅगनी निराळ्या दिसायच्या आणि पुढे बरीच वर्षं दोन्ही एकाच गाडीत धावत होत्या. माझ्या यार्डात ते मिश्रण मला हवं आहे.

दुसरं, रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या उघड्या वॅगनी. एलएमएसची (लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वे) डायग्राम १६६६ या आराखड्याची पाच फळ्यांची वॅगन पन्नास हजारांहून जास्त बनली. पन्नास हजार! पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अशा वॅगनी सामायिक वापरात आल्या, म्हणजे रिकामी वॅगन तिच्या कंपनीकडे परत न पाठवता जिथे असेल तिथेच भरायची. त्यामुळे कॉर्नवॉलच्या खेड्यातल्या साइडिंगलाही एलएमएसची करडी वॅगन उभी असायची. ग्रेट वेस्टर्नची मॉडेल रेल्वे करणारे सगळ्या वॅगनी जीडब्ल्यूआरच्याच लावतात, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पाहुण्या वॅगनी आणा. रॅपिडो आणि ॲक्युरास्केलसारख्या मंडळींनी अलीकडे अशा जुन्या, साध्या वॅगनींकडे मन लावून लक्ष दिलंय, त्याचा मला फार आनंद आहे. ॲक्युरास्केलच्या चाल्ड्रन वॅगनी हातात घेऊन बघा. ईशान्य इंग्लंडच्या खाणींतल्या त्या फनेलसारख्या गाड्या, बोटाच्या पेराएवढ्या, आणि त्यावर लोखंडी पट्ट्यांचे खिळेसुद्धा मोजता येतात.

किट_आणि_गोंद
इतकं रडायचं कशाला? पितळेची किटं आहेत, प्लास्टिकची किटं आहेत, आता रेझिन प्रिंटर घराघरात आलाय. क्वाड-आर्ट हवा तर बांधा. पार्कसाइडच्या वॅगन किटवर दोन संध्याकाळी बसलात की अण्णांची यार्ड भरायला लागेल. तयार मॉडेलची वाट बघत बसणारी पिढी हात वापरायला विसरली, असं माझं स्पष्ट मत आहे. बांधलेल्या वॅगनीची चाकं पहिल्यांदा कुरकुर न करता फिरतात तेव्हा जे वाटतं ते खोकं उघडून वाटत नाही.

मेघमल्हार
@किट_आणि_गोंद, बांधण्याचा आनंद मान्य, मीही बांधते. पण एक सांगा, सागवानी डब्याचा रंग तुम्ही हाताने किती वेळा यशस्वी केलात? ग्रेस्लीच्या डब्यांवर खऱ्या सागाच्या फळ्या होत्या, वर वॉर्निश. प्रत्येक चौकटीत लाकडाच्या रेषांची दिशा वेगळी, उभ्या फळीवर उभी, आडव्या पट्टीवर आडवी. आधी पिवळसर थर, तो पूर्ण वाळल्यावर वर तपकिरी पातळ थर कोरड्या ब्रशने ओढायचा, तोही चौकटीनुसार. शिवाय दाराच्या कडेला रेष मध्येच थांबली पाहिजे. पाच डब्यांचे सगळे दरवाजे असे करायचे म्हणजे पाहिजे तो संयम आणि पाहिजे ते डोळे. माझ्या वडिलांची दृष्टी आता साथ देत नाही, पण गाडी चालवायची हौस तीच आहे. त्यांच्यासाठी तयार संच निघाला तर काय बिघडलं? दोन्ही असू द्या.

किट_आणि_गोंद
ताई, वडिलांसाठी म्हणत असाल तर माझा काही विरोध नाही. सागाचा तुमचा क्रम लिहून घेतला आहे. पिवळसर थरासाठी कोणता रंग घेता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बार्शीलाइट
माझं मत थोडं वेगळ्या गल्लीत जातं, पण ब्रिटिशच आहे. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे, स्टॅफर्डशायर. अडीच फुटी नॅरोगेज, १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद.

माझं नाव बघून कळलंच असेल. हिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा गृहस्थ आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. नंतर त्याने आपली बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. कॅलथ्रॉपचं सूत्र असं होतं की इंजिन असो, प्रवासी डबा असो की वॅगन, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग हलके रूळ पुरतात, पूल स्वस्तात होतात, आणि गाडी मात्र दणदणीत माल ओढते. आमच्याकडे वारीच्या दिवसांत त्या गाडीला माणसं कशी लगडायची ते घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकतच मी लहानाचा मोठा झालो.

हा बार्शीचा अनुभव घेऊन तो स्टॅफर्डशायरला गेला. त्यामुळे इंग्लंडच्या त्या हिरव्यागार दरीत एकदम वसाहतीतल्या धाटणीची गाडी उभी राहिली. लीड्सच्या किट्सनची २-६-४ टाकीवाली दोन इंजिनं, पुढे भलामोठा हेडलाइट. एकाचं नाव 'ई. आर. कॅलथ्रॉप', दुसऱ्याचं 'जे. बी. अर्ल'. प्रवासी डबे चारच, फिकट पिवळ्या रंगाचे. आणि सगळ्यात भारी म्हणजे ट्रान्सपोर्टर वॅगन: तिकडच्या मोठ्या रुळांची (स्टँडर्ड गेज) भरलेली वॅगन जशीच्या तशी नॅरोगेजच्या या सपाट गाड्यावर चढवायची आणि दरीत न्यायची. माल उतरवून पुन्हा भरायची कटकटच नाही. एक्टनच्या दूध कारखान्याचं दूध याच वाटेने बाहेर जायचं. १९३२ ला तो कारखाना बंद पडला आणि दोन वर्षांत रेल्वेही गेली. आता त्या वाटेवर लोक सायकली चालवतात.

आता कंपनीच्या बाजूने विचार करा. दोन इंजिनं, चार डबे, मोजक्या वॅगनी. गिऱ्हाईक अख्खी रेल्वे विकत घेऊ शकतो! डर्बीकर, तुमच्या साच्यांच्या हिशेबातही बसेल. डबल-ओ-नाइनमध्ये (ओओच्याच मापातली नॅरोगेज, रूळ ९ मिमीचे) लिंटन अँड बार्नस्टेपलची इंजिनं आली, फेस्टिनिओगचं दुतोंडी फेअरली आलं, महायुद्धातली बाल्डविन आली. मॅनिफोल्ड का नको? ९ मिमीचा रूळ चार मिमीच्या मापात सव्वादोन फूट भरतो, अडीच फूट नाही. एवढं चालवून घेता येईल. आणि ट्रान्सपोर्टरवर अण्णांची एलएमएस वॅगन चढवता येईल.

अण्णा_खडी
बार्शीलाइट, तुझ्या रेल्वेला माझं दुसरं मत. दूध, ट्रान्सपोर्टर आणि वर वॅगन, मला याहून जास्त काय पाहिजे.

वाफाळ
@बार्शीलाइट, वा! किट्सनचा कारखाना हन्स्लेटला, माझ्या घरापासून फार लांब नाही. तो १९३८ ला बंद झाला. बार्शीची ती ०-८-४ इंजिनंही तिथलीच. कॅलथ्रॉपबद्दल थोडं अवांतर: पुढे त्याने विमानातून उडी मारायच्या पॅराशूटवर काम केलं, 'गार्डियन एंजल' नावाचं. पहिल्या महायुद्धात ते वापरलंही गेलं. पाच टनांचा आस ते पॅराशूट, काय डोकं असेल!

कल्याण_फास्ट
सगळे वाफेवरच. विजेच्या गाड्यांना कोणी वाली नाही का?

माझं मत क्लास ३०६ ला. १९४९ मध्ये लिव्हरपूल स्ट्रीट ते शेनफिल्ड मार्गावर १५०० व्होल्ट डीसी आली, त्यावेळची तीन डब्यांची लोकल. तीन संच जोडून नऊ डबे करायचे. सरकते दरवाजे, हवेच्या दाबावर उघडणारे. वाफाळ, तुझ्या क्विंट-आर्टच्याच स्टेशनात उभी राहायची. आणि १५०० व्होल्ट डीसी म्हणजे आपलीच. मुंबईत १९२५ ला व्हीटी-कुर्ला सुरू झाली ती याच दाबावर. नऊ डबे, १५०० डीसी, शहराच्या कडेची उपनगरं, सकाळची गर्दी. मी कल्याणचा, मला ती गाडी बघितल्यावर परकी वाटतच नाही. एक संच जपून ठेवलेला आहे, त्यामुळे मापं घ्यायलाही अडचण नाही.

त्याच दाबावरची वुडहेड (मँचेस्टर ते शेफिल्ड) मार्गाची ईएम-१ आणि ईएम-२ इंजिनं हेलयानने काढली. मँचेस्टर-ग्लॉसपच्या क्लास ५०६ लोकल काढल्या (संच फक्त आठच होते) तर तो मार्ग पूर्ण होईल.

आणि शेवटी मनातलं: खेकडा. जीआयपीचं मालगाडीचं इंजिन, स्वातंत्र्यानंतरचं नाव डब्ल्यूसीजी-१. बोर घाटात गाड्यांना मागून रेटा द्यायला असायचं.

चौथा_फलाट
खेकडा आला म्हणजे धागा घाटात शिरला. विषय ब्रिटिश मॉडेलांचा आहे ना?

कल्याण_फास्ट
@चौथा_फलाट, खेकड्याची रचना स्विस, पण बरीचशी इंजिनं लँकेशायरमध्ये न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत बनली आणि विजेची सामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. इंग्लंडमधल्या कारखान्याच्या अंगणात उभं राहून ज्याचा फोटो काढला गेला ते इंजिन या धाग्यात बसतं, असं मी ठामपणे म्हणतो. अडचण एकच. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटी, चार मिमीत बरोबर २२ मिमी. असे रूळ हातानेच घालावे लागतील. मी घालायला तयार आहे.

चौथा_फलाट
बसला खेकडा. पुढे चला.

स्लाऊची_सायली
मी रोज एलिझाबेथ लाइनने जाते. क्लास ३४५, डर्बीत बांधलेली, नऊ डबे. या धाग्यात रोजची गाडी, रोजची माणसं असं चाललंय, मग आजची रोजची गाडी का नको? माझ्या मुलाला ए-४ मॅलार्ड माहीत आहे ते म्युझियममधून. त्याच्या आयुष्यातली गाडी जांभळ्या पट्टीची आहे. पॅडिंग्टनला भुयारात उतरली की तो 'आली, आली' करतो. मुलांनी छंदात यायला हवं असेल तर त्यांनी ज्या गाडीत बसून शाळेला, आजीकडे, देवळात जायचं ती दुकानात दिसली पाहिजे.

डर्बीकर
@स्लाऊची_सायली, मुद्दा शंभर टक्के पटला. फक्त लांबीचं बघा: खरी गाडी सुमारे २०५ मीटर, ओओमध्ये दोन मीटर सत्तरच्या आसपास. स्लाऊच्या फ्लॅटमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नुसती गाडीच.

स्लाऊची_सायली
चार डबे विका, बाकीचे भुयारात आहेत असं आम्ही मानू! किंवा एन या आणखी छोट्या मापात काढा, तिथे ती दीड मीटरच्या आतच बसेल. हॉर्नबीने २०२२ मध्ये १:१२० चं टीटी सुरू केलं ते याच अडचणीसाठी ना? लहान घरांचा विचार कोणीतरी केला याचं मला कौतुक आहे.

मेघमल्हार
मूळ प्रश्नाला माझं उत्तर राहिलंच. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नचं 'जॉर्ज द फिफ्थ', ४-४-०, १९१० चं, बोवेन कुकचं. नव्वद बांधली. क्रू ते लंडन एक्स्प्रेस ओढताना ही छोटी इंजिनं अंगापेक्षा कितीतरी जास्त काम करायची. काळं अंग, पण ते काळं इतकं घासून पुसून की त्यात आभाळ दिसावं, वर लाल, पांढऱ्या, करड्या बारीक रेषा. एकही उरलं नाही.

मला वाटतं गोम इथेच आहे. जे उरलं तेच मॉडेलात येतं. दक्षिण वेल्समधल्या बॅरीच्या वुडहॅमच्या भंगारवाड्यातून २१३ इंजिनं वाचली. वुडहॅमने आधी वॅगनी तोडायला घेतल्या, इंजिनं तशीच उभी राहिली, म्हणून ती वाचली. त्यात ग्रेट वेस्टर्न आणि सदर्नचं प्रमाण मोठं. आज कंपनीचा माणूस लेझर स्कॅनर घेऊन जातो तो जपलेल्या इंजिनाकडेच, आणि गिऱ्हाइकानेही रविवारी त्याच इंजिनामागे बसून चहा घेतलेला असतो. पण कोणतं इंजिन वाचलं हे भंगारवाल्याच्या सोयीने ठरलं. ब्रिटनच्या रेल्वेत ते किती महत्त्वाचं होतं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. १९२३ पूर्वी, म्हणजे कंपन्या चार मोठ्या गटांत विलीन होण्याआधी, नॉर्थ वेस्टर्न ही सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. तिच्या मुख्य मार्गाचं चित्र उभं करायला बसलं की तयार इंजिनं किती कमी ते लगेच लक्षात येतं. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जुन्या कारखान्यांच्या नकाशांचा मोठा साठा आहे. स्कॅन करायला इंजिन नाही तर कागदावरून करा. पूर्वी सगळी मॉडेलं तशीच व्हायची.

सांधेवाला
मेघमल्हार, हा प्रतिसाद वाचून वाचनखूण साठवली. एलएनईआरवाले आम्हीही तेच म्हणत असतो. बॅरीत आमच्या वाट्याला जवळजवळ काही आलं नाही.

डर्बीकर
सगळ्यांना विरोध करून झाला, आता माझं मत. सदर्नची ४-सीओआर. १९३७ मध्ये पोर्ट्समथ मार्ग विजेवर आला तेव्हाची एक्स्प्रेस लोकल. समोरून बघितलं तर एका बाजूला ड्रायव्हरची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला खिडकीच्या जागी हेडकोडची (गाडीचा मार्ग सांगणाऱ्या क्रमांकाची) पाटी. एकाक्ष दिसते आणि जाते पोर्ट्समथच्या नौदल बंदराला, म्हणून लोकांनी एका डोळ्याच्या नौसेनापतीवरून 'नेल्सन' नाव ठेवलं. मधून चालत जायची सोय, चार डबे, सुटा संच चालतो, आणि सदर्नचा हिरवा, ब्रिटिश रेल्वेचा हिरवा, निळा असे रंगही मिळतात. म्हणजे हिशेबही जमतो, वाफाळ!

आणि तुझ्या संचासाठी एक वाट सुचवतो. रिव्होल्यूशन ट्रेन्सने एन मापातली पेंडोलिनो लोकांकडून आधी पैसे गोळा करून काढली. मोठ्या कंपनीने हात लावला नसता असं काम त्यातून झालं. क्विंट-आर्टसारखी गोष्ट तशीच होईल. पाच डब्यांचा संच, आगाऊ नोंदणी, ठरलेली संख्या गाठली तरच साचा. माझं नाव पहिल्या यादीत टाक. मी एलएनईआरचा नाही, तरी घेईन.

नवखा_गार्ड
मीही घेईन. पण अडाणी प्रश्न: डबे एकाच बोगीवर जोडलेले असतील तर माझ्या दुसऱ्या त्रिज्येच्या वळणावर (४३८ मिमी) ते उलटणार नाहीत का? गेल्या महिन्यात एका दुकानातून मागवलेले लांब डबे वळणावर एकमेकांचे बफर अडकवून उतरत होते.

वाफाळ
@नवखा_गार्ड, अडाणी नाही, महत्त्वाचा प्रश्न आहे. साध्या डब्याचं टोक बोगीच्या पुढे बाहेर आलेलं असतं. वळणावर ते टोक बाहेर फेकलं जातं आणि शेजारच्याच्या बफरला भिडतं. आर्टिक्युलेटेड (क्विंट-आर्टमधलं 'आर्ट' ते हेच) संचात दोन डब्यांची टोकं बोगीच्या मध्यावरच खुंटीला अडकलेली, त्यामुळे मधल्या जोडावर बाहेर फेकलं जाणारं टोकच नाही, आणि तिथे बफर नाहीत की कपलिंग नाही. डबे आखूड असल्याने मधलं पोटही वळणाच्या आत फारसं येत नाही. काळजी घ्यायची ती खुंटीची. ती घट्ट बसवली तर रुळाच्या उंचसखल जोडावर एक चाक उचललं जातं. वरखाली डुलायला जरा मोकळीक ठेवावी लागते. शिवाय सगळ्या बोग्यांतून वीज घेऊन आतले दिवे न मिचकावता लावता येतील, कारण संच सुटत नाही, तारा आतूनच नेता येतात. लांब डब्यांसाठी तुला वळणाची त्रिज्याच वाढवावी लागेल, किंवा डबे वळणावर लांब सरकवणारी आखूड जोडाची कपलिंगं बसव.

डर्बीकर, नोंदणीचं मनावर घेतोय. आतापर्यंतची मतं अशी दिसतात: क्विंट-आर्ट आणि क्वाड-आर्ट, अण्णांच्या वॅगनी, मॅनिफोल्ड, ३०६, ३४५, जॉर्ज द फिफ्थ, नेल्सन आणि खेकडा. कंपन्यांना पत्र लिहिताना प्रत्येक गाडीमागे कोणतं इंजिन किंवा डबे आधीच बाजारात आहेत तेही लिहिणार आहे, म्हणजे त्यांना जोडगिऱ्हाईक दिसेल. ज्यांना नाव घालायचंय त्यांनी व्यनि करा.

अण्णा_खडी
वाफाळ, वॅगनींपुढे माझं नाव घाल आणि कंसात लिही: १९२३ च्या आधीची आणि नंतरची, दोन्ही, वेगवेगळ्या नंबरांत, तीन-तीनच्या खोक्यात. एकच नंबर पाच वॅगनींवर आला तर यार्ड मास्तर म्हणून मी सह्या करणार नाही.

बार्शीलाइट
मॅनिफोल्डच्या पत्रात ट्रान्सपोर्टर वॅगन आधी, इंजिन नंतर लिहा. इंजिनाचे फोटो माझ्याकडे आहेत, ट्रान्सपोर्टरचे आराखडे कोणाकडे असतील तर पाठवा.